दाजींची लाल बोटं

मखमलाबाद, नाशिक
३ ऑगस्ट २०२५

छाया,

मोठ्या भावानं पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तो सध्या माझ्याजवळच ठेवतो. माझ्या आशीर्वादानं कुणाचं भलं झाल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

फोन तू उचलत नाहीस, त्यात तुझी चूक नाही. माझे फोन कसे असायचे ते मला आठवत नाही, मनीषाला आठवतात. पहिल्या वाक्यात रडायचो, दुसऱ्यात शिव्या द्यायचो आणि तिसऱ्यात तुलाच माफी मागायला लावायचो, असं ती सांगते. म्हणून पत्र. पत्रात निदान मधेच आवाज चढत नाही.

बातमी अशी की जानेवारीपासून मी प्यालेलो नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणशील, तर ते नऊ केव्हाच होऊन गेले. आधी दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात होतो. तिथून आल्यापासून रोज संध्याकाळी पंचवटीतल्या एका शाळेच्या वर्गात आमची बैठक असते. बाकं पाचवीच्या पोरांची, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागतात. पंधरा-वीस जण बसतो आणि ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं. कुणी कुणाला शहाणपण शिकवत नाही, ते एक बरं आहे.

तिथं मला पुंजाआप्पा भेटले. इगतपुरीचे. रेल्वेत कीमन होते, म्हणजे ठरलेला रूळ रोज पायी चालायचा, चाव्या ढिल्या झाल्यात का बघायचं आणि हातोड्यानं ठोकत पुढं जायचं. त्यांना दारू सोडून अठरा वर्षं झाली, तरी बैठक चुकवत नाहीत. मी विचारलं, आता कशाला येता? म्हणाले, "काल बघितला म्हणून रूळ आज बघायचा नाय, असं घाटात चालत नाय. गाडी रोज येती."

त्यांनी मला एक तीनशे पानी वही दिली. रोज बैठकीला निघायच्या आधी एक पान लिहायचं. आज काय चुकलं, कुणाला दुखावलं, कुठं खोटं बोललो. मी म्हटलं, चांगलं काय केलं ते लिहू का? "ते नको. ते तू सगळ्या गावाला सांगत सुटशीलच."

तर मी लिहितो. 'भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, मग भूक लागली म्हणून परत ओढलं. औषधाच्या दुकानदाराला वाकडं बोललो. मनीषाला म्हटलं बँकेत गेलो होतो, गेलो नव्हतो, पारावर बसलो होतो.' असली पानं आहेत. पण मार्चपासून प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ येते. 'छायाला सांगितलं नाही.' आप्पा वही वाचतात, ओळीवर बोट ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. मी पावसाचा विषय काढतो.

ते दाजींबद्दल आहे. सहा वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, आपल्या द्राक्षबागेच्या छाटणीला आलेले तुझे ललित इथंच गेले. गडावर देवीआईसमोर नारळ फोडून त्यांनी दारू सोडली होती, आणि माझ्याकडे येऊन परत घेतली आणि छातीत कळ आली, एवढं तुला माहीत आहे. एवढंच माहीत आहे, कारण मी एवढंच सांगितलं.

बाकीचं या पत्रात नाही. ताकाला जाऊन भांडं लपवतोय, हे मला कळतंय.

नऊ तारखेला राखी आहे. पाठवू नकोस. पाठवू नकोस असं लिहिलं की तू पाठवशील, असा माझा डाव होता. ती ओळ खोडत नाही. आप्पा म्हणतात, वही असो की पत्र, खोडलेलंसुद्धा वाचता आलं पाहिजे.

तुझा
अमोलदादा


३१ ऑगस्ट २०२५

छाया,

राखी आली नाही. बरोबरच आहे.

वेदिका मात्र येऊन गेली. तिच्या नर्सिंगच्या होस्टेलला गणपतीची सुट्टी होती. तू तिला पाठवलं नसणार, आणि ती आल्याचं तिनं तुला सांगितलंय की नाही मला माहीत नाही. सांगितलं नसेल तर तिला रागावू नकोस. आपल्या घरात लपवाछपवी कुठून सुरू झाली ते ठाऊक आहे.

केवढी झाली गं. बारा वर्षांची होती तेव्हा शेवटची नीट पाहिली होती. मनीषानं तिला उकडीचे मोदक करायला बसवलं. तुझ्यासारखीच कळ्या पाडताना जीभ बाहेर काढते. मोदक खाताना म्हणाली, "आई मामांचं पत्र वाचते, मामी. मग पिठाच्या डब्याखाली ठेवते." ती बोलली मामीशी, पण मला ऐकू जाईल असं बोलली.

मग गणपतीपुढं आम्ही दोघंच असताना तिनं विचारलं. आधी सांगितलं की तू घरात दाजींचा फोटो लावला नाहीस. तुझ्या सासूबाई कलाबाई गेल्या, त्यांचा लावलास, दाजींचा नाही. गडाच्या पायथ्याशी नांदुरीला काढलेला तो फोटो, शपथ घेतली त्या दिवशीचा, कपाळभर कुंकू आणि कमरेला बिलगलेली वेदिका, तो तू पेटीत तळाला टाकलास. आणि तिला म्हणतेस की कुठल्याही पुरुषाच्या शपथेवर विश्वास ठेवायचा नाही, तुझ्या बापानं देवीला फसवलं.

"मामा, तुम्ही होता ना तिथं. खरंच पप्पांनीच मागितली होती का?"

मी म्हणालो, "हो."

पूर्वी मी खोटं बोलायचो ते प्यालेला असायचो. निदान तसं म्हणायची सोय होती. हे 'हो' मी शुद्धीत म्हणालो, सकाळी अंघोळ करून, हाताला अष्टगंध लागलेलं असताना. त्या दिवसाचं पान लिहायला मला दोन तास लागले, बैठक बुडाली.

आज एक गोष्ट सांगतो. सगळी नाही, एक. छाटणीनंतरची पेस्ट त्या दिवशी दाजींनी लावली. तुला मी सांगितलं होतं की ते नुसते देखरेखीला होते. लग्नाआधी तू याच बागेत पेस्ट लावलीस, तुला काय सांगायचं. छाटलेल्या काडीचे डोळे एकदम फुटावेत म्हणून ते औषध, आणि कुठला डोळा झाला, कुठला राहिला ते कळावं म्हणून त्यात लाल रंग. सकाळी सातला मजूर बायका आल्या आणि मालक, म्हणजे मी, आदल्या दिवशीच्या नशेत पडलेला. पेस्ट तर छाटणीच्या पाठोपाठ लागायला हवी. दाजींनी फडकं घेतलं आणि ओळीला लागले. हातमोजे खोलीत होते, खोलीची किल्ली माझ्या खिशात होती आणि मी शुद्धीवर नव्हतो. त्यांनी उघड्या हातानं पाऊण एकर लावला.

यात काय विशेष, असं तुला वाटेल. विशेष आहे. पुढच्या पत्रात लिहितो.

अमोलदादा


२० सप्टेंबर २०२५

छाया,

काल प्यालो.

काल पितृपक्षातली त्रयोदशी होती, दाजींची तिथी. तू तिकडं पान वाढलं असशील की नाही, मनापासून वाढलं असशील की लोकलाजेस्तव, याच विचारात मी सकाळपासून होतो. दुपारी टोमॅटोच्या काठ्या आणायला म्हणून पेठ नाक्याला गेलो आणि काठ्या आणल्याच नाहीत. साडेआठ महिने गेले. किती लवकर गेले तेही सांगतो, पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत.

मनीषानं फाटक उघडलं. म्हणाली, "आत या. पण एक शब्द बोलू नका. बोललात तर मी जाईन." मी आत गेलो.

आज सकाळी आप्पा बसनं आले. मी त्यांच्या शिव्या खायची तयारी करून बसलो होतो. त्यांनी चहा घेतला, बशी पुसून ठेवली आणि विचारलं, "कालचं पान लिहिलं का?"

"पिऊन कसं लिहायचं, आप्पा?"

"पिऊनच लिहायचं. अक्षर वाकडं येईल, येऊ दे. ज्या दिवशी रूळ खचला त्याच दिवशी कीमन घरी बसला, तर त्याचा उपयोग काय?"

मग बसलो आणि कालचं पान लिहिलं. शेवटची ओळ लिहायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "ही ओळ रोज रोज लिहून तू ती पाठ केलीस बाबा. आता ती तुला टोचत नाय. ही ओळच तुला पाजती." म्हातारा अडाणी आहे म्हणतो स्वतःला, पण बोलतो ते मुद्द्याचं.

म्हणून ते विशेष लिहितो. ती पेस्ट अंगाला लागलेली असताना दारू पोटात गेली, तर माणसाला सहन होत नाही. चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, श्वास अडकतो, रक्तदाब उतरतो. डब्यावर लिहिलेलं असतं. दुकानदार दरवर्षी सांगतो. आमच्याकडे प्रत्येक बागाईतदाराला आणि प्रत्येक गडी माणसाला हे ठाऊक असतं. तुला ठाऊक नसेल, कारण आपल्याकडे बायकांना हे कुणी सांगतच नाही. त्या कुठं पितात, असं म्हणून सोडून देतात.

मला ठाऊक होतं. पण एका वर्षी पेस्टच्या दिवशी मी स्वतः प्यालो होतो, तोंड लाल झालं, धडधडलं आणि तासाभरात उतरलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत फिरायचो की हे दुकानदाराचं भ्या दाखवणं आहे, काही होत नाही.

त्या दिवशी आम्ही दोघं बसलो. दाजींच्या हाताला पेस्ट होती, माझ्या नव्हती. म्हणून मी आहे आणि ते नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांची बोटं बघितली. दहाच्या दहा लाल. विचारलं, "हात लाल कशानं?"

मी म्हणालो, "रंग आहे."

खोटं नव्हतं ते. रंगच होता. पेस्ट म्हणालो असतो, तर त्यांना कळलं असतं काय झालंय, आणि त्यांनी त्यावर काही केलं असतं. किंवा नसतं करता आलं. हे आता कधीच कळणार नाही, आणि न कळण्याची व्यवस्था मीच केली.

अमोल


२८ सप्टेंबर २०२५

छाया,

मागच्या पत्रात 'आम्ही दोघं बसलो' असं एक वाक्य आहे. ते खोटं आहे.

पत्र पेटीत टाकून घरी आलो आणि वहीत पहिली ओळ तीच लिहिली. साधं वाक्य बघ, कुणालाही खरं वाटेल. मला स्वतःलाही सहा वर्षं वाटत होतं.

खरं काय ते आधी मनीषाला सांगायचं आहे. आप्पा म्हणतात, आधी घरात. आज नववा दिवस आहे, प्यालेलो नाही.

अमोल


४ ऑक्टोबर २०२५

छाया,

हे पत्र मनीषा टाकणार आहे. "तुमचा भरवसा नाय. पेटीपर्यंत जाल आन माघारी याल," म्हणाली. मला ओळखते ती.

आज सकाळी ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि तुला आता जे सांगणार आहे ते सगळं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि निवडत राहिली. जुडी संपली. देठ गोळा करून झाले. मग म्हणाली, "सरबत तर मी केलं होतं."

सहा वर्षं मी माझंच दुःख चाटत बसलो होतो. तिचा हात त्यात आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. ती उठली, मांडणीवरचा पितळी तांब्या घेतला, थोडा वेळ तसाच हातात धरला आणि मागच्या दारी भंगारात ठेवून आली. रोज वापरत होतो आम्ही तो. मग मला म्हणाली, "आता छायाताईंना लिहा. आत्ताच लिहा, मी हितंच बसते."

तर लिहितो.

११ ऑक्टोबर २०१९. मी दुपारी उठलो. चारच्या सुमाराला पेस्ट संपली, बायका घरी गेल्या. मनीषानं लिंबू सरबताचा तांब्या भरून दिला, दाजी उन्हात आहेत, नेऊन द्या म्हणाली. वाटेत माझ्या मनात आलं की—

वरची ओळ अर्धीच ठेवतो, खोडत नाही. 'वाटेत मनात आलं' हे खोटं आहे. बाटली मी आदल्या दिवशीच आणली होती. बिनवासाची. मी बिनवासाची कधीच पीत नव्हतो, मला ती पाण्यासारखी लागायची. ती माझ्यासाठी आणलेली नव्हती.

का आणली ते सांगतो. दाजींनी सोडली आणि या घरात त्यांची आरती करायचंच काय ते बाकी राहिलं. आपली आई जाईपर्यंत मला म्हणत होती, जावयाकडं बघ. मनीषा तसं म्हणत नव्हती, पण बघत होती. आम्ही दोघं बरोबरीनं पिणारे, छाया. लग्नात, जत्रेत, एकाच बाटलीतले. त्यांना जमलं आणि मला जमत नाही, हे दर छाटणीला ते समोर येऊन उभे राहिले की मला दिसायचं. ते मला कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडलो असतो. मला त्यांना एकदा माझ्या पायरीवर बसलेलं बघायचं होतं. मग हसून म्हणणार होतो, बघा दाजी, आपण सगळे सारखेच. एवढंच. त्यापलीकडचा विचार करण्याइतकी अक्कल माझ्यात शिल्लक नव्हती.

पंपाच्या खोलीच्या पायरीवर ते बसले होते. मला बघून म्हणाले, "अमोलभाऊ, झाली बरं का शेवटची ओळ. फुटवा बघा कसा निघतो यंदा." मी झोपलो होतो त्याबद्दल अवाक्षर नाही. पहिला पेला त्यांनी एका दमात घेतला, तहान लागली होती. दुसरा अर्धा झाला आणि थांबले.

"याला वास कसला येतो?"

"तुमच्या हाताचा असेल. पेस्टचा."

त्यांनी आपली बोटं हुंगली, छाया. माझ्यावर विश्वास ठेवून बोटं हुंगली आणि उरलेलं प्याले.

मग त्यांना चव कळली. ज्यानं सोडलेली असते त्याला कळतेच. पेला खाली ठेवला. "यात काय घातलं तुम्ही?"

मी हसलो. म्हणालो, "काही नाही, शपथ सुटली एवढंच."

त्यांनी तिथंच घशात बोटं घातली. थोडं पडलं, बरंच पडलं नाही. चेहरा लाल व्हायला लागला होता, मला वाटलं रागानं. मग ते पायरीवर बसले, माझ्याकडे न बघता, बागेकडे बघत म्हणाले, "छायाला काय सांगू मी आता?"

हे त्यांचं शेवटचं नीट वाक्य. छातीत दुखतंय असं म्हणाले नाहीत, डॉक्टरकडे न्या म्हणाले नाहीत. तुला काय सांगायचं, ही एकच काळजी होती त्यांना.

मग श्वास लागला. मला वाटलं, माझ्यासारखंच होतंय, तासाभरात उतरेल. म्हणून मी थांबलो. पाऊण तास थांबलो. मधे त्यांच्या पाठीवर हात फिरवला. मग ते एका अंगावर कलले तेव्हा पिकअप काढली.

दवाखान्यात मला दोनदा तोंड उघडायचं होतं. डॉक्टरांसमोर मी 'रंग आहे' म्हणालो. आणि ते गेल्यानंतर तू देवळ्याहून आलीस, सगळ्यांसमोर माझी कॉलर धरून विचारलंस, "कुणी पाजली त्यांना?" तेव्हा मी म्हणालो, "त्यांनीच मागितली." तू माझी कॉलर सोडलीस. तुझा चेहरा कसा झाला ते मी बघितलं होतं. मी ते बघितलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

तू यायच्या आधी त्यांचे हात मी धुतले. ओल्या फडक्यानं, साबण लावून, एकेक बोट. सेवा म्हणून नाही. आणखी कुणी विचारू नये म्हणून.

तेव्हा दाजींनी शपथ मोडली नाही. देवीला फसवलं नाही, तुला फसवलं नाही. अडीच वर्षं पाळली आणि कळल्याच्या क्षणी ओकून टाकायला बघितली. वेदिकाला हे सांग. मी तिला 'हो' म्हणालो ते खोटं होतं.

शेवटी माफी मागायचं मनात होतं. आप्पांनी अडवलं. म्हणाले, "मागू नको. मागितलीस की तिला द्यायचं ओझं होतं. जे तिचं हाय ते परत दे आन गप बस." पोलिसांत जायचं असेल तर जा. मी असंच, हेच सांगेन, शब्द बदलणार नाही.

मनीषा पाकीट मागतेय.

अमोल


२४ ऑक्टोबर २०२५

छाया,

हे पत्र तुला मिळणार नाही, तरी तुझ्याच नावानं लिहितोय. वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर. सवय लागली.

काल भाऊबीज होती. मी सकाळपासून फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दिवसभर तेच केलं, म्हणजे बघितलं. चोराच्या मनात चांदणं आणि भावाच्या मनात ओवाळणी. दुपारी वेदिका आली. दारातच उभी राहिली. मनीषानं बस म्हटलं, पाणी दिलं. पाणी घेतलं नाही. आमच्या घरचं पाणी आमची भाची घेत नाही. का घ्यावं?

तिनं मला मामा म्हटलं नाही. म्हणाली, "आईनं हे दिलंय." पाकीट कठड्यावर ठेवलं. मग म्हणाली, "ती पायरी बघायची आहे मला."

मी हातानं दिशा दाखवली. मनीषा तिच्याबरोबर गेली. दोघी बराच वेळ तिथं होत्या. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

"पप्पांनी आईचं नाव घेतलं, ते नक्की?"

"नक्की."

"तुम्ही आधी पण हो म्हणाला होता."

मी वही आणून तिच्या हातात दिली. तिनं उभ्या उभ्या चाळली. सप्टेंबरातलं ते वाकड्या अक्षराचं पान आलं तिथं थांबली, ते पूर्ण वाचलं. मग ज्या दिवशी मी मनीषाला सांगितलं ते पान वाचलं. वही परत देताना म्हणाली, "रोज लिहिता?"

"रोज."

"लिहा," म्हणाली आणि गेली.

पाकिटात माझी पाचही पत्रं होती. पिठाचा वास येत होता त्यांना. आणि एक फोटो, भिंतीचा. सासूबाईंच्या शेजारी दाजी, कपाळभर कुंकू, कमरेला बिलगलेली वेदिका. ताजा झेंडूचा हार. मागं तुझं अक्षर.

'फोटो लावला. सहा वर्षं मी या माणसाशी रोज भांडले. सकाळी उठून पहिली शिवी त्यांना द्यायची. ती सहा वर्षं तू मला परत देऊ शकत नाहीस. त्यांनाही नाही. आता लिहू नको.'

वाचलं. मनीषालाही वाचायला दिलं. दिवसभर जी दारूची दुकानं डोळ्यांपुढून हलत नव्हती त्यांच्याकडे पाठ करून मी बैठकीला गेलो. बाकावर बसलो आणि सांगितलं, बहिणीनं उत्तर पाठवलं. आप्पांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हणालो, खरं लिहिलंय. मग रडलो, वर्गातल्या पाढ्यांच्या तक्त्याखाली बसून, आणि कुणी गप्प बसवलं नाही.

यंदा पाऊस हटता हटत नव्हता म्हणून छाटणी लांबली. आज पेस्ट लावली. सातला मजूर आले तेव्हा मी बांधावर उभा होतो. सगळ्यांना हातमोजे दिले, बायकांनाही, आणि बायकांनाही सांगितलं की दोन-चार दिवस घरातल्या कुणी पिऊ नये, ज्यानं पेस्ट लावली त्यानं तर मुळीच नाही, आणि का ते सांगितलं. एक जण हसला. "भाऊ, ते दुकानदाराचं भ्या दाखवणं असतं, काय होत नाय." ही माझीच शिकवण, फिरून माझ्याच बांधावर आली. मी त्याला दाजींचं सांगितलं. नाव घेऊन, मी काय घातलं त्यासकट. तो हसायचा थांबला. दिवसभर माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही.

पहिला पाऊण एकर मी स्वतः लावला. कुठल्या ओळी ते तुला सांगायला नको. एक हातमोजा फाटका निघाला, दोन बोटं लाल झाली.

संध्याकाळी बैठकीच्या आधी शाळेसमोर झुंबरबाईंच्या टपरीवर चहाला थांबलो. त्यांनी ग्लास पुढं केला आणि माझ्या हाताकडे बघून विचारलं, "हात लाल कशानं झाला हो?"

मी म्हणालो, "पेस्ट आहे, बाई. द्राक्षाची. ही अंगाला लागलेली असताना दारू पोटात गेली तर माणूस मरतो."

"आई गं," त्या म्हणाल्या. मग ग्लासकडे बघून, "चहा चालतो ना पण?"

"चहा चालतो."

एवढंच बोलायचं होतं गं, छाया. त्या दिवशी, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा. दोन वाक्यं होती.